आईचे जेवण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आम्हांस दिले, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. आम्ही नाट्यसंगीतावर बोलू किंवा लखनौतील मराठी मंडळींच्या जुन्या आठवणी सांगू, अशी कित्येकांची अपेक्षा असावी. तिचा भंग केल्याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. आमचा आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या माणसाच्या पोटात वेळेवर अन्न कसे जाईल आणि त्याचे वजन कसे टिकेल, एवढाच तो विषय.

आम्ही वैद्य नव्हे. कला शाखेचे पदवीधर, आणि सारी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत आकड्यांची उलटतपासणी करण्यात गेलेली. परंतु पाच वर्षे आमच्या आईच्या पानातील घासांचा हिशेब आम्ही ठेवला. त्या हिशेबात आमच्या चुका पुष्कळ निघाल्या. त्या आपणांपुढे मांडल्या तर दुसऱ्या एखाद्या घरी त्या टळतील, या हेतूने आज उभे आहोत.

हाच विषय का, तेही सांगितले पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी हातात बदलीचा हुकूम आणि खांद्यावर होल्डॉल घेऊन ज्या तरुणांनी या शहरात पाऊल ठेवले आणि हे मंडळ उभारले, ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गणेशोत्सवात पहिल्या रांगेत बसणारे काही चेहरे अलीकडे दिसत नाहीत. आपण विचारतो, "काका कसे आहेत?" उत्तर येते, "बरे आहेत, जरा विसरतात." आणि बोलणे तिथेच थांबते. आपल्याकडे या दुखण्याला म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेण्याची किंवा घरातली गोष्ट म्हणून झाकून ठेवण्याची रीत आहे. वस्तुतः तो मेंदूचा रोग आहे. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन विद्वानांपुढे मांडले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा रोग हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण होय. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून काढण्यात आला आहे. तेव्हा आपल्या मंडळातील दहा-बारा घरांत हे दुखणे असेल, तर त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही.

आमची आई रत्नागिरी जिल्ह्यातली. वडील गेल्यावरही ती गावच्या घरी एकटीच राहात असे. शेजारच्यांचे निरोप येऊ लागले, की दूध उतू जाते, गॅस तसाच राहतो. तेव्हा २०१७ च्या दिवाळीनंतर आम्ही तिला इकडे घेऊन आलो. निदान होऊन औषधे सुरू झाली. जानेवारी २०१८ मध्ये दवाखान्यातील काट्यावर तिचे वजन ५२ किलो भरले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते ४६ झाले. मधल्या सहा महिन्यांत आमच्या घरात काट्याचे नावही कोणी काढले नव्हते. रोज डोळ्यांपुढे वावरणारे माणूस कसे झिजत जाते, ते दिसत नाही. चोळी सैल झाली तेव्हा सौभाग्यवतीने ती आतून टाचून दिली, एवढेच. डॉक्टरांनी आकडेमोड करून सांगितले, की सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक किंवा एका महिन्यात पाच टक्के वजन उतरणे ही धोक्याची घंटा समजावी. आमच्या आईचे साडेअकरा टक्के उतरले होते. वजनाबरोबर स्नायू जातात, स्नायूंबरोबर तोल जातो, जखमा भरत नाहीत आणि साधा खोकलाही भारी पडतो. आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला घरचा हा आकडा दिसू नये, याची त्या दिवशी आम्हांस फार शरम वाटली.

म्हणून पहिली सूचना ही, की काटा घरी आणावा. महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेला, सकाळी, साधारण तशाच कपड्यांत वजन घ्यावे आणि वहीत लिहावे. वजन उतरू लागले तर पंधरवड्याने घ्यावे. ज्यांना काट्यावर उभे राहवत नाही, त्यांच्या दंडाचा व पोटरीचा घेर साध्या फितीने मोजून ठेवला, तरी कल देखील समजतो.

दुसरी सूचना, कारण शोधल्याविना उपाय करू नये. "खात नाही" हे निदान नव्हे. आम्ही महिनाभर आग्रह केला, विनवण्या केल्या आणि सांगावयास संकोच वाटतो, आवाजही चढविला. डॉक्टरांनी मात्र तिला तोंड उघडावयास सांगितले. कवळी सैल होऊन हिरडीवर व्रण पडला होता. वजन उतरले की हिरड्याही आकसतात, कवळी घासू लागते आणि "दुखते" हे सांगण्याची भाषा रुग्णाजवळ उरलेली नसते. प्रत्येक घासाला दुखणाऱ्या तोंडात आम्ही आग्रहाने घास घालीत होतो. दुसरे कारण बद्धकोष्ठाचे निघाले. तिसरे औषधाचे. स्मृतिभ्रंशावर डोनेपेझिल नावाची गोळी पुष्कळदा देतात. तिने काहींना मळमळते व अन्नावरची वासना उडते. डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि फरक पडला. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये. याशिवाय थायरॉइडचा दोष, मूत्रमार्गाचा संसर्ग, मनाची उदासीनता आणि दिवसभर येरझाऱ्या घालण्यात खर्ची पडणारी शक्ती, ही कारणेही तपासून घ्यावी लागतात.

एवढे झाल्यावरही आई पुरते जेवेना. पान मात्र रिकामे दिसे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एके दिवशी गादी उन्हात टाकताना उशीच्या अभ्र्यात वाळलेल्या पोळ्यांचे तुकडे सापडले. काही पोळ्या ती खिडकीतून कावळ्यांना घालीत असे, हेही पुढे कळले. "आई, हे काय?" असे विचारता ती अगदी ओशाळून म्हणाली, "अहो, माझ्याजवळ पैसे नाहीत. खानावळवाल्याला काय देऊ?" आपण कोठे आहोत हेच तिला उमगत नव्हते. दोन्ही वेळा परक्याच्या घरी फुकट जेवतो आहोत, अशी तिची समजूत. स्वाभिमानी बाई ती, कशी जेवणार? सौभाग्यवती म्हणाली, "आई, तुम्ही वर्षाचे पैसे आधीच भरलेत. ही बघा पावती." आणि वाण्याच्या बिलाचा कागद तिने आईच्या हाती दिला. तो कागद पुढे कित्येक महिने आईच्या कनवटीला होता.

तिसरे कोडे एकादशीचे. आई रोज म्हणे, "आज माझी एकादशी." आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर काढून दाखवीत असू आणि तिथी वाचून दाखवीत असू. त्यावर ती रडे, किंवा रागावून पानावरून उठे. सौभाग्यवतीने एके दिवशी वाद सोडला. "बरे झाले सांगितलेत, फराळाचेच करते," असे म्हणून तिने शिंगाड्याच्या पिठाचा तुपातला शिरा केला. दुसऱ्या दिवशी वरईचा भात आणि दाण्याची आमटी. तिसऱ्या दिवशी रताळ्याचा मऊ कीस, मग साबुदाण्याची दाट खीर. आई समाधानाने जेवू लागली. तूप, दाणे, दूध यांनी भरलेले हे पदार्थ नेहमीच्या जेवणापेक्षा अधिक पौष्टिक ठरले. काही मंडळींना हे खोटे बोलणे वाटेल. आम्हांसही वाटले होते. परंतु ज्याच्या मनातून तिथी-वार पुसून गेले आहेत, त्याच्याशी पंचांगावरून भांडण्यात कोणते सत्य राखले जाते, याचे उत्तर आम्हांस सापडले नाही.

सर्वांत उशिरा उलगडलेले कोडे सर्वांत सोपे होते. दुपारी पान वाढले की आई विचारी, "तो जेवला का?" सौभाग्यवती सांगे, "ते डबा घेऊन गेले आहेत." आई मान हलवी आणि हात मागे घेई. कितीतरी दिवस आम्ही याकडे दुर्लक्ष केले. एका रविवारी आम्ही सहज तिच्या शेजारी पान मांडून बसलो आणि पहिला घास घेतला. आईने आमच्याकडे पाहिले आणि तीही जेवू लागली. पानातले सारे संपविले. त्या पिढीतल्या बायका घरातील पुरुष, मुले, पाहुणे जेवल्यावर मागाहून जेवीत. साठ वर्षांची ती सवय बुद्धीच्या आधाराने टिकलेली नव्हती, म्हणून बुद्धी गेली तरी ती राहिली. आम्ही जेवलो नाही तोवर तिला घास गिळवत नव्हता. तिच्या उपाशी राहण्यामागे हट्ट नव्हता, ते तिचे वळण होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कचेरीत डबा नेणे बंद केले. सरकारी वसाहत कचेरीपासून स्कूटरने पाच मिनिटांवर. एक वाजता घरी यावयाचे, आईशेजारी बसून पहिले पाच-सात घास तिच्या देखत घ्यावयाचे आणि दीड वाजता पुन्हा टेबलावर हजर. पुढचे जेवण ती सौभाग्यवतीच्या सोबतीने करी. कधी ती आम्हांस आपला वडील भाऊ समजे आणि म्हणे, "दादा, आणखी भात घे ना!" आम्ही घेत असू. पुढच्या जुलैपर्यंत आईचे वजन ४८.५ किलोवर आले. २०२० च्या टाळेबंदीत काही आठवडे कचेरी घरूनच चालली आणि दोन्ही वेळचे जेवण एकत्र होऊ लागले. त्या काळात ते ४९ पर्यंत गेले. आमचे वजनही चार किलोंनी वाढले, पण तो निराळा विषय आहे!

आता काही व्यवहारातल्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ताटाची. आपली स्टीलची ताटे ट्यूबलाइटखाली चकाकतात आणि पांढऱ्या बशीतला पांढरा भात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नीट दिसतच नाही. डोळा ठीक असला, तरी मेंदूला कडा वेगळ्या ओळखता येत नाहीत. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात, ठळक लाल रंगाची भांडी वापरल्यावर रुग्णांचे खाणे सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढले होते. आम्ही हजरतगंजातून गडद रंगाची एक साधी थाळी आणली. नक्षीची टेबलक्लॉथ काढली, कारण आई त्यावरची फुले वेचण्यात गुंतून जाई. ताटात चटण्या-कोशिंबिरींची रांग मांडणेही सोडले. एका वेळी एक किंवा दोनच पदार्थ वाढावेत. फार पर्याय दिसले की रुग्ण गोंधळतो आणि काहीच उचलीत नाही. जेवताना दूरदर्शन संच बंद असावा.

दुसरी गोष्ट वेळेची. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी करावीत. बहुतेक रुग्णांची सकाळ चांगली असते आणि दिवस मावळू लागला की बेचैनी वाढते. म्हणून मुख्य अन्न दुपारपर्यंत पोटात जावे आणि रात्रीवर भिस्त ठेवू नये. जेवणाला पाऊण तास लागला तरी लागू द्यावा. जेवणापूर्वी भांडेभर पाणी किंवा पातळ सूप देऊ नये, त्याने पोट भरते. दिवसभरात मात्र घोटघोट पाणी देत राहावे. लखनौच्या मे-जूनमध्ये तहान लागल्याचे ज्याला सांगता येत नाही, त्याचे शरीर फार लवकर सुकते.

तिसरी गोष्ट, थोड्या अन्नात अधिक सत्त्व घालावे. चमचाभर तुपाने, म्हणजे ५ ग्रॅमने, सुमारे ४५ कॅलरी मिळतात. दोन चमचे दाण्याच्या कुटाने, म्हणजे १० ग्रॅमने, सुमारे ५५ कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिने मिळतात. कोकणातला गुरगुट्या भात, त्यावर मेतकूट आणि तूप हे आमचे मुख्य औषध होते. दुधात दुधाची पावडर, वरणात तूप, भाजीत बारीक कूट, खिचडीत कुस्करलेले पनीर, नाचणीच्या सत्त्वात साय आणि खजूर, आणि जे घेतात त्यांना अंडे द्यावे. घास वाढविण्यापेक्षा घासाची किंमत वाढविणे सोपे जाते. थंडीत चौकातल्या हातगाडीवरचे मक्खन मलाई आईला अतिशय आवडे. उन्हाळ्यात दशहरीचा रस दिला की ती न चुकता म्हणे, "हा हापूस नव्हे," आणि वाटी संपवून दुसरी मागे. सारे विसरून गेलेल्या आईला रत्नागिरीचा आंबा आठवत होता. मधुमेह असणाऱ्यांनी अर्थातच डॉक्टरांना विचारूनच हे करावे. मात्र उतारवयात वजन घटत असताना जुनी कडक पथ्ये तशीच चालू ठेवावीत का, हा प्रश्न त्यांना अवश्य विचारावा. आम्ही विचारला आणि कित्येक बंधने सैल झाली.

चौथी गोष्ट हाताची. चमचा कसा धरावा हे विसरलेल्या माणसाला हाताने खाणे पुष्कळ काळ येते. आपण तर मुळात हातानेच जेवणारी माणसे. मऊ थालिपिठाचे तुकडे, घावन, इडलीच्या फोडी, उकडलेले रताळे, केळे, मऊ लाडू असे पदार्थ हाती द्यावेत, म्हणजे हिंडता-फिरताही खाणे होते. हात पुढे येत नसेल, तर त्याच्या हाताखाली आपला हात धरून पहिला घास तोंडाशी न्यावा. पुष्कळदा पुढचे घास तो आपणच घेतो. भरविणे हा शेवटचा उपाय आहे. माणसाला जे स्वतः करता येते, ते आपण घाईने काढून घेतले की ते पुन्हा परत येत नाही.

वजनाच्या काळजीची दुसरी बाजूही आहे. आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांना जेवल्याचेच स्मरण राहात नसे. हात धुऊन झाले, की "मला कोणी जेवायला वाढत नाही" अशी तक्रार सुरू. सहा महिन्यांत त्यांचे वजन नऊ किलोंनी वाढले आणि गुडघे बोलू लागले. "आत्ताच तर जेवलात" असे सांगून उपयोग होत नाही, त्याने अपमान तेवढा होतो. त्या घरी पुढे जेवणाचे दोन भाग केले. अर्धे आधी वाढावयाचे आणि मागणी आली की उरलेले अर्धे. तिसऱ्या मागणीला काकडीच्या किंवा पपईच्या फोडी, आणि मग हात धरून अंगणात फेरी. लाडू-चिवड्याचे डबे नजरेआड गेले आणि उष्टे ताट जरा वेळ समोर राहू लागले. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाच्या विकारात, गोडाची हाव अनावर होते. त्यात त्या माणसाचा दोष नसतो. काही औषधांनीही वजन वाढते, म्हणून तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आता या विषयाच्या सर्वांत कठीण भागाकडे येतो. २०२२ च्या पावसाळ्यात आई जेवताना खोकू लागली. घास गालात धरून बसे. जेवणानंतर तिचा आवाज ओला, घरघरल्यासारखा येई. गिळण्याची क्रियाच मेंदू विसरू लागला, की अन्न श्वासनलिकेत जाण्याचा आणि त्यातून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. गिळण्याच्या व्याधीतील तज्ज्ञ बाईंनी आम्हांस शिकविले, की रुग्णाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, चमचा लहान असावा आणि पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये, आणि तोंड स्वच्छ करावे. पातळ आमटीत सुटा भात तरंगणे हे सर्वांत धोक्याचे, कारण त्यात पातळ आणि घट्ट एकदम येते. कोरडे पोहे, चुरमुरे, अख्खे शेंगदाणे, पापड हे तर बादच. सारे एकजीव, दाट, चमच्यावर टिकेल असे हवे. झोपेत किंवा अर्धवट जागेपणी कधीही भरवू नये.

त्या हिवाळ्यात वजन ४१ वर आले. न्यूमोनियाने आईला इस्पितळात ठेवावे लागले, आणि नाकातून नळी घालून कायमचे त्याच वाटेने अन्न द्यावे का, हा प्रश्न आम्हां भावंडांपुढे आला. पुण्याहून धाकटा भाऊ दूरध्वनीवर म्हणाला, "दादा, आईला उपाशी ठेवायचे का?" या प्रश्नाने आम्ही दोन रात्री झोपलो नाही. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत नळीने अन्न देण्याची शिफारस केलेली नाही. तिने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही, आणि नळी उपसू नये म्हणून रुग्णाचे हात बांधण्याची वेळ येते. त्याऐवजी हाताने, सावकाश, घेईल तेवढेच भरवावे, असे त्यात म्हटले आहे. तात्पुरत्या आजारात किंवा रोगाच्या आधीच्या अवस्थेत नळीचा निर्णय वेगळा होऊ शकतो. तेव्हा आमचा निर्णय हा सर्वांसाठी नियम नव्हे. भाऊ विमानाने आला, आईशेजारी बसला आणि दोन चमचे नाचणीचे सत्त्व त्याने स्वतः भरविले. मग तोच म्हणाला, "नळी नको." आम्ही आईला घरी आणले.

शेवटचे दोन महिने वजनाची वही मिटून ठेवली होती. काट्याचे काम संपले होते. घास किती गेला यापेक्षा तो सुखाने गेला का, एवढेच पाहावयाचे होते. कधी चमचाभर साय, कधी मधाचे बोट. फेब्रुवारी २०२३ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आई गेली. आदल्या संध्याकाळी तिने अर्धी वाटी खीर घेतली होती. इतके करूनही आई वाचली नाही, हे आम्ही लपवीत नाही. हा रोग आज बरा होत नाही. परंतु मधली चार वर्षे ती आपल्या पायांनी हिंडली, ओसरीसारख्या त्या लहानशा गॅलरीत बसून तिने फुलवाती वळल्या. ते बळ तिच्या पोटात गेलेल्या घासांनी दिले, अशी आमची खात्री आहे.

शेवटी मंडळासंबंधी. आईची देखभाल करण्यास येणारी बाई अत्यंत मायाळू होती. पण ती म्हणे, "अम्मा, खाना खा लो," आणि आई नुसती पाहात राही. या रोगात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि लहानपणीची भाषा राहते. आईचे मोडकेतोडके हिंदी केव्हाच गेले होते. सौभाग्यवतीने त्या बाईला दहा-बारा मराठी वाक्ये शिकविली, "जेवायला चला," "घास घ्या," "पाणी प्या," "पोट भरले का?" ती वाक्ये हिंदी हेलात आली, तरी आईचा चेहरा उजळे. आणि मंगळवारी-शुक्रवारी मंडळातील दोन भगिनी जेवणाच्या वेळेला येऊन बसत. त्या गावाकडच्या गप्पा काढीत, एखादी ओवी म्हणत, आणि आई ऐकता ऐकता जेवे. वहीत पाहिले, तर त्या दोन दिवशी तिचे जेवण हमखास चांगले झालेले दिसते. महाराष्ट्रात घराभोवती जी भाषा फुकट मिळते, ती इथे मिळवून द्यावी लागते. ती देऊ शकेल अशी संस्था या शहरात आपल्या मंडळाखेरीज दुसरी नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आमची तीन मागणी आहेत. एक, ज्या घरी असे दुखणे आहे, तिथे आठवड्यातून एकदा जेवणाच्या वेळी जाऊन बसणाऱ्या सभासदांची पाळी लावावी. नुसते बसावे, आणि यजमानीणबाईंना तेवढा तास मोकळा करून द्यावा. आमच्या घरी या साऱ्याचा खरा भार सौभाग्यवतीने वाहिला. आम्ही अर्ध्या तासाचे धनी, ती उरलेल्या साडेतेवीस तासांची. दोन, मंडळाच्या कार्यालयात वजनाचा एक चांगला काटा आणि चाकांची एक खुर्ची ठेवावी. तीन, अशा घरांनी आपले दुखणे लपवू नये. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून या कामात आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा आणि मनाच्या व्यथांसाठी १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक शासनाने उपलब्ध केला आहे. पण त्यांच्याही आधी शेजारच्या मराठी घराची कडी वाजवावी.

आपल्या घरी पाहुणा आला की आपण प्रथम विचारतो, "जेवण झाले का?" आमची आई सारे काही विसरली, आमचे नावही विसरली, पण हा प्रश्न विसरली नाही. तो प्रश्न आता आपण आपल्या ज्येष्ठांना विचारू या, आणि उत्तराची वाट न पाहता त्यांच्याशेजारी पान मांडून बसू या.